फाईन आर्ट्समधे ॲप शिकवा, पण ते चालेपर्यंत शिकवा

ॲप बनवायला शिकायचं तर इंजिनिअरिंगलाच जायला हवं असं आपल्याकडे सगळ्यांनी धरूनच ठेवलंय आणि मला ते अजिबात पटत नाही. मी बरीच वर्षं बडोद्यातच मोबाईल ॲपच्या कामात आहे, नव्या मुलांच्या मुलाखती घेतो, त्यांच्या शेजारी बसून काम करतो, आणि माझं मत असं झालंय की कला विद्यापीठात, फाईन आर्ट्सच्या कॉलेजात, अप्लाइड आर्टच्या शेजारच्या खोलीत ॲप डेव्हलपमेंट शिकवायलाच हवं. एकच अट आहे, आणि ती पाळायची नसेल तर न शिकवलेलं बरं. मुलाने स्वतःच्या हाताने ॲप चालतं करायला हवं. स्क्रीनची छान चित्रं काढून थांबायचं नाही, ते दुसऱ्या कुणाच्या फोनमधे जाईपर्यंत, तिथे रोज वापरलं जाईपर्यंत आणि बिघडलं की स्वतः दुरुस्त करेपर्यंत शिकायचं.

हे आत्ता लिहायचं कारण माझी भाची. बारावी झाली, हात अतिशय चांगला आहे, आणि म्हणते मामा मला ॲप बनवायचीत पण मला बीई करायचं नाहीये, मला फाईन आर्ट्सलाच जायचंय. घरात लगेच दोन तट पडले. ताईचं म्हणणं, चित्रकला छंद म्हणून ठेव आणि कंप्युटर इंजिनिअरिंगला जा. भाऊजी म्हणाले की दोन्हीच्या मधलं काहीतरी असेल ना, आणि ते मधलं शोधायला गेलं की जे सापडतं ते म्हणजे लाखांत फी घेणारी डिझाइनची खाजगी कॉलेजं, ज्यांच्या माहितीपत्रकात ॲप हा शब्द पानोपानी असतो आणि विषयांच्या यादीत मात्र प्रोग्रॅमिंगचा एक पेपर, तोही एका सेमिस्टरपुरता. मला वाटतं हा फक्त आमच्या घरचा प्रश्न नाहीये, बडोद्यातल्या, इंदूर-ग्वाल्हेरच्याही कितीतरी घरात हीच चर्चा चालली असणार.

आधी कलेच्या बाजूने का बोलतो ते सांगतो.

ॲप म्हणजे शेवटी काय, तर तळहाताएवढ्या काचेवर कुणीतरी काहीतरी वाचतं, बोटाने दाबतं, आणि त्यावर काहीतरी होतं. आता आमच्या कारेलीबागेतल्या एखाद्या आजींचा फोन हातात घेऊन बघा. दिसत नाही म्हणून नातवाने सेटिंगमधे जाऊन अक्षर मोठं करून दिलेलं असतं. आजी मराठी भाषा लावून एखादं सरकारी किंवा बँकेचं ॲप उघडतात आणि बटणावर लिहिलेलं असतं "अज करा". म्हणजे असतं "अर्ज करा"च, पण वरचा रफार कापला गेलाय. "पुढे"चा उकार खालून गेला की "पढे" उरतं. हे का होतं तर बनवणाऱ्याने बटणाची उंची इंग्रजी अक्षरावर मोजून पक्की करून टाकलेली असते, आणि आपल्या देवनागरीत वर वेलांट्या, मात्रा, रफार आणि खाली उकार, ऋकार, जोडाक्षरांचे पाय, तिला वर आणि खाली दोन्हीकडे जागा लागते. दुरुस्ती कोडच्या एक दोन ओळींची आहे. उंची पक्की न ठेवता अक्षराप्रमाणे वाढू द्यायची, बस्स. पण ज्याला कोड येतो त्याच्या डोळ्याला ते खुपत नाही कारण त्याने आयुष्यात कधी अक्षराकडे अक्षर म्हणून बघितलेलं नाही, आणि अप्लाइड आर्टच्या ज्या मुलीने दोन वर्षं बोरू धरून वळणं गिरवलीत तिला ते एका क्षणात दिसतं पण कोडमधे ती ओळ कुठे आहे ते तिला माहीत नसतं. ती मग एक चित्र काढून बाण दाखवून पाठवते, समोरचा म्हणतो पुढच्या व्हर्जनमधे बघू, आणि ते पुढचं व्हर्जन येतं तेव्हा त्यात दुसरंच काहीतरी असतं. आजी "अज करा" वाचत राहतात.

असंच मराठी ल आणि श चं. आपला दोन गोल वळणांचा ल वेगळा आणि हिंदी वळणाचा ल वेगळा, हे शाळेत आपल्याला बाईंनी शिकवलंय. बऱ्याच चांगल्या फाँटमधे दोन्ही वळणं भरलेली असतात, फक्त ॲपने आतून सांगावं लागतं की हा मजकूर मराठी आहे. नुसतं देवनागरी म्हटलं की हिंदीचं वळण येतं. हे सांगायचं कुणी? ज्याला फरक दिसतो आणि जिथे सांगायचं ती जागाही ठाऊक आहे त्यानेच. कंप्युटरवर वर्षानुवर्षं आपण जो मंगल फाँट वापरला तो र. कृ. जोशींचा, आणि ते कॅलिग्राफर होते, कवी होते, आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइनच्या विभागात शिकवायचे, आणि अक्षर कंप्युटरच्या आत कुठल्या नियमांनी जोडलं जातं त्यातही स्वतः शिरले. वळण एकाचं आणि नियम दुसऱ्याचे असं त्यांनी ठेवलं नाही.

म्हणून मी म्हणतो की ॲप शिकवण्याची जागा कला विद्यापीठ आहे. बघायची शिस्त तिथे लागते. फाईन आर्ट्समधे मूल पहिल्या वर्षी स्टिल लाइफ आणि लाइफ ड्रॉइंग करतं, तासनतास एका वस्तूकडे बघतं, काम भिंतीला लावतं आणि सगळ्यांसमोर सर विचारतात की हे इथेच का, एवढंच का. आपलं काम दहा लोकांसमोर उभं करून त्यावर ऐकून घेण्याची ही जी ज्युरीची पद्धत आहे ती मला इंजिनिअरिंगच्या प्रॅक्टिकलमधे दिसत नाही, तिथे प्रोग्रॅम चालला की मार्क मिळाले, तो कुणाला वापरता येतो का हा प्रश्न जर्नलमधे नसतोच. आणि सवय म्हणूनसुद्धा बघा, एकच गोष्ट वीस वेळा परत करायची तयारी चित्रकला आणि गाणं शिकणाऱ्या मुलांमधे जास्त असते. ॲपचं काम म्हणजे बहुतेक वेळ तेच असतं.

आता अटीकडे येतो, कारण खरी चूक तिथे होतेय.

डिझाइन शिकलेली मुलं मुलाखतीला येतात. पोर्टफोलिओ उघडतात, फिग्मा नावाच्या स्क्रीनची चित्रं काढायच्या साधनात केलेली स्क्रीन्स असतात, रंग सुंदर, जागा सोडलेली सुंदर. एखाद्या मोठ्या जेवण मागवायच्या ॲपचं नवं रूप असतं, नाहीतर ध्यानधारणेचं ॲप असतं. मी विचारतो की नेट गेलं तर या स्क्रीनवर काय दिसेल? शांतता. मी विचारतो की इथे नाव लिहिलंय ते चार अक्षरी आहे, याच जागी आडनाव-वडिलांचं नाव-स्वतःचं नाव असं पूर्ण मराठी नाव आलं तर? यादीत अजून एकही वस्तू नसेल, पहिलाच दिवस असेल, तर रिकाम्या स्क्रीनवर काय? पैसे कापले गेले आणि उत्तरच आलं नाही तर माणसाला काय सांगायचं? मुलं हुशार असतात, दोन मिनिटात विचार करून चांगलं उत्तर देतातही, पण हा प्रश्न चार वर्षांत त्यांना कुणी विचारलेलाच नसतो कारण चित्रात नेट जात नाही. चित्रात नाव नेहमी बरोबर मापाचं असतं, फोटो नेहमी उजेडातला असतो, आणि फोन नेहमी नवा कोरा असतो. हा दोष मुलांचा नाहीये, त्यांना जे शिकवलंय ते त्यांनी नीट केलंय.

ॲप चालतं केलं की हे सगळे प्रश्न आपोआप अंगावर येतात, कुणी विचारावे लागत नाहीत. स्क्रीन सरकताना अडखळली की कळतं की सेकंदाला ६० चित्रं दाखवायची तर एका चित्राला जेमतेम १६ मिलिसेकंद मिळतात आणि आपण टाकलेली ती मोठी सावली आणि तो धूसर पडदा साध्या फोनला झेपत नाही. मग मूल स्वतःच ठरवतं की सावली काढायची की हलकी करायची. हा निर्णय रंगाचा आहे की कोडचा आहे? दोन्हीचा. अँड्रॉइडवर बोटाने दाबायची जागा कमीतकमी ४८ डीपी असावी, आयफोनवर ४४ पॉइंट (दोन्ही स्क्रीनवरची मापं), असं नियमात वाचणं वेगळं आणि आपल्याच आजोबांचं थरथरतं बोट तीनदा शेजारच्या बटणावर पडताना बघून आपणच तो आकडा बदलणं वेगळं. मूर्तिकलेच्या विभागात आपण मुलाला फक्त मूर्तीचं चित्र काढायला लावून पाठवत नाही ना, माती मळायची, साचा करायचा, ओतकाम करायचं, आणि धातू कुठे अडकला ते बघून पुढच्या वेळी आकारच बदलायचा, हे सगळं त्याच्याकडून करून घेतो. बडोद्याच्या मूर्तिकलेचं नाव झालं ते उगीच नाही. मग ॲपच्या बाबतीतच आपण आधीच का थांबतो?

आणि बडोद्यात तरी हा प्रश्न पडायलाच नको होता. राजमहाल रोडवर कलाभवनची इमारत आपण रोज येता जाता बघतो, आज तिथे टेक्नॉलॉजीची फॅकल्टी आहे म्हणून आपल्या डोक्यात ती इंजिनिअरिंगची इमारत. पण सयाजीरावांनी १८९० मधे कलाभवन काढलं तेव्हा नावात कला होती आणि आत चित्रकला होती, वास्तुकला होती, रंगाईचं रसायन होतं, विणकाम होतं, यंत्रकाम होतं, सगळं एका छताखाली. पहिले प्रिन्सिपॉल त्रिभुवनदास गज्जर, स्वतः रसायनशास्त्रज्ञ, घराण्याने सुतार. शिक्षण लोकांच्या भाषेतून व्हावं म्हणून धडपडणारा माणूस. पुढे अलेम्बिक कंपनी उभी राहिली तिच्या मुळाशी हेच गज्जर आणि त्यांचे विद्यार्थी. रंग कापडावर कसा दिसतो हे बघणारा आणि तो रंग कशाने टिकतो हे जाणणारा, हे दोन वेगळे वर्ग मानायची गरज त्यांना वाटली नव्हती.

याच कलाभवनात नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरचा एक मुलगा शिकला, धुंडिराज गोविंद फाळके. आधी मुंबईला जे. जे. स्कूलमधे ड्रॉइंग केलं, मग थोरल्या भावाबरोबर बडोद्याला आला, कलाभवनात तैलरंग-जलरंग शिकला, मॉडेलिंग म्हणजे मातीकाम शिकला, वास्तुकलेत हात घातला, आणि तिथेच फोटोग्राफीचा नाद लागला. गज्जरांनी त्याच्यातली चमक ओळखून त्याला छपाईचं, तीन रंगी ब्लॉक बनवायचं तंत्र शिकायला रतलामला पाठवलं. जरा विचार करा, चित्रकलेच्या विद्यार्थ्याला प्रिन्सिपॉल सांगतो की आता जा आणि डार्करूममधलं काम शिकून ये. पुढे फाळक्यांनी गोध्र्याला फोटो स्टुडिओ काढला, प्लेगमधे पहिली बायको आणि मूल गेलं, मग पुरातत्त्व खात्यात ड्राफ्ट्समन झाले, लोणावळ्याला रविवर्म्याच्या छापखान्यात काम केलं, आणि १९१२ मधे लंडनला जाऊन कॅमेरा घेऊन आले. १९१३ चा राजा हरिश्चंद्र आपल्याला माहीत असतो, पण तो बनला कसा हे बघितलं तर कथा यांची, दिग्दर्शन यांचं, सेट यांचे, आणि फिल्मच्या कडेला भोकं पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतचं काम यांच्या घरातच. त्या वेळी फिल्म हे जे नवीन माध्यम होतं त्यात काय दाखवायचं हे ज्याला कळत होतं त्यालाच ते कसं चालतं हेही कळत होतं, म्हणून ते माध्यम इथल्या मातीतलं झालं, बाहेरून आलेल्या चित्रपटांची नक्कल होऊन राहिलं नाही. रविवर्म्याचंही तेच, लक्ष्मीविलासमधली चित्रं राजवाड्यातच राहिली असती, पण १८९४ मधे त्यांनी जर्मन यंत्रं आणून छापखाना घातला आणि लक्ष्मी-सरस्वती घराघरात गेल्या.

मग पुढे कला आणि तंत्र यांच्यामधे भिंत कशी उभी राहिली? १९४९ मधे बडोद्याचं सयाजीराव विद्यापीठ झालं, कलाभवन तंत्रज्ञानाची फॅकल्टी झालं, १९५० मधे फाईन आर्ट्सची फॅकल्टी वेगळी निघाली. फाईन आर्ट्स निघाली ते उत्तमच झालं, इंदूरला जन्मलेले आणि तिथेच देवळालीकर मास्तरांच्या हाताखाली शिकलेले चित्रकार ना. श्री. बेंद्रे इथे आले, शिल्पकार शंखो चौधरी आले, चित्रकार के. जी. सुब्रमण्यन इथे शिकवू लागले, देशभर नाव झालं. त्या लोकांनीही कला आणि हातकाम यात कधी भिंत मानली नाही, सुब्रमण्यन फाईन आर्ट्स फेअरसाठी स्वतः खेळणी करायचे आणि ती लोक घरी न्यायचे. पण दोन फॅकल्टी, दोन डीन, दोन प्रवेशप्रक्रिया, आणि हळूहळू आपल्या घराघरांतून असा समज की हुशार मूल इकडे आणि कलाकार मूल तिकडे. फाईन आर्ट्स आहे त्या पुष्पबागेतून कलाभवनला रिक्षाने दहा मिनिटं लागतात. हे अंतर पार करायला नवीन विद्यापीठाची गरज नाहीये.

बाहेर काय चाललंय तेही थोडक्यात सांगतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी ऑफ द आर्ट्समधे क्रिएटिव्ह कंप्युटिंगची स्वतंत्र इन्स्टिट्यूट आहे, म्हणजे कला विद्यापीठ स्वतः कोड शिकवतं. अमेरिकेत एमआयटीच्या मीडिया लॅबमधे केसी रीस आणि बेन फ्राय यांनी २००१ मधे प्रोसेसिंग नावाचं साधन सुरू केलं, खास चित्रकार-डिझायनर लोकांसाठी, फुकट, आणि त्यात लिहिलेल्या प्रोग्रॅमला ते स्केच म्हणतात. आपल्याकडे उलट दिशेने झालं, आयआयटी मुंबईत १९६९ मधे आयडीसी निघालं, म्हणजे इंजिनिअरिंगच्या घरात डिझाइन आलं. ते चांगलंच आहे पण तिथे जागा किती थोड्या आणि तिथे पोचायची परीक्षा किती कठीण. कलेच्या घरात कोड येणं हे राहून गेलंय.

यावर माझे इंजिनिअर मित्र एक उदाहरण हमखास देतात. प्रवाशांना लोकांच्या घरात खोली मिळवून देणारी एअरबीएनबी कंपनी काढणाऱ्या तिघांपैकी दोघे र्‍होड आयलंड स्कूल ऑफ डिझाइनचे, पण कोड लिहायला त्यांना तिसरा, इंजिनिअर, घ्यावाच लागला, मग कलाकाराने कलाकाराचं काम करावं ना. उदाहरण खरं आहे. पण मी असं कुठे म्हणतोय की जगातली सगळी ॲप एकट्या चित्रकाराने बनवावीत? लाखो लोकांचे पैसे आणि नोंदी सांभाळणारं सर्व्हरचं काम हे इंजिनिअरचंच आहे आणि त्याला चार वर्षांचा पाया लागतो. कला विद्यापीठात कंपायलर, ऑपरेटिंग सिस्टिम, अवघड गणित शिकवू नका. मी मागतोय ते एवढंच की एक छोटं, खरं ॲप सुरुवातीपासून शेवटपर्यंत मुलाच्या हातून जायला हवं. असं एकदा झालं की ते मूल तिसऱ्या इंजिनिअरशी बोलताना नुसती विनंती करत नाही, त्याच्या बरोबरीने बसून ठरवतं. एक गोष्ट मात्र कलेच्या मुलांना पण कसून शिकवायला हवी, लोकांची माहिती. कुणाचा नंबर, कुणाचा फोटो, कुणाचं लोकेशन घ्यायचं आणि कशाला घ्यायचंच नाही. परवानगी मागणारी ती छोटी चौकट कुठल्या शब्दात लिहायची हे डिझाइनचंच काम आहे आणि तिथे फसवणूक किती सोपी आहे हे रोज दिसतं.

दुसरा आक्षेप कलेच्या लोकांचा, आणि तो मला जास्त गंभीर वाटतो. त्यांची भीती अशी की एकदा ॲप शिरलं की पेंटिंग, मूर्तिकला, ग्राफिक सगळं बाजूला पडेल, पालक विचारतील प्लेसमेंट किती, विद्यापीठ जागा तिकडे वळवेल, आणि फाईन आर्ट्स हे नोकरीचं ट्रेनिंग सेंटर होऊन बसेल. ही भीती बरोबर आहे, असं होऊ शकतं, खाजगी ठिकाणी झालेलं आहेच. म्हणूनच मी म्हणतो की पहिलं वर्ष कुणाचंही बदलू नका. ड्रॉइंग, रंग, माती, छपाई, कलेचा इतिहास, सगळं जसंच्या तसं. ॲपचा स्टुडिओ तिसऱ्या सेमिस्टरपासून, आणि तोही इतर माध्यमांसारखं एक माध्यम म्हणून. ज्याला लिथोग्राफी, म्हणजे दगडावरून छपाई, करायचीय त्याने दगड घासावा, ज्याला ॲप करायचंय त्याने कोड लिहावा, ज्युरीला दोघांनी एकाच भिंतीसमोर उभं राहावं. पेंटिंगच्या सरांनी ॲपवर बोलावं आणि त्यांना बोलता येईल, कारण गर्दी झालीय, नजर कुठे जातच नाही, हा रंग त्या रंगाला मारतोय, हे सांगायला कोड यावा लागत नाही.

तिसरी गोष्ट आता सगळेच विचारतात, की कोड तर आता एआय लिहितं, मग मुलांनी शिकायचा कशाला? माझ्या रोजच्या कामात मी ही साधनं वापरतो आणि ती खरंच उपयोगी आहेत, दोन दिवसांचं काम दुपारी होतं. पण काय होतं, की साधन जे देतं ते दिसायला नेहमी पूर्ण असतं. मराठी बटण दिलं, छान दिसलं, आणि अक्षर मोठं केल्यावर रफार गेला, कारण साधनाला कारेलीबागेतल्या आजी माहीत नाहीत. ते बघायला माणूस लागतो आणि बघितल्यावर आत जाऊन नेमकं काय बदलायचं हे सांगायलाही माणूस लागतो. कोड वाचताच येत नसेल तर मूल त्या साधनाला परत परत तेच सांगत बसतं की नीट कर, नीट कर, आणि ते दर वेळी दुसरंच काहीतरी बिघडवतं, हे मी समोर बसून पाहिलंय. उलट मला तर वाटतं की कोड टाइप करण्याचे कष्ट कमी झाल्यामुळेच कला विद्यापीठाला आता हे शिकवणं पहिल्यांदा सोपं झालंय, चार वर्षं लागणारी गोष्ट दोन-तीन सेमिस्टरमधे बसू शकते, आणि उरलेला सगळा वेळ बघण्यात आणि बदलण्यात घालवता येतो.

खर्चाचं म्हणाल तर तेवढा नाही. आयफोनसाठी ॲप करायचं तर मॅकच लागतो आणि ॲपलला वर्षाला ९९ डॉलर द्यावे लागतात, ते सोडून द्या सुरुवातीला. अँड्रॉइडचं सगळं सामान फुकट मिळतं, बऱ्यापैकी रॅमचा साधा लॅपटॉप लागतो, आणि लॅपटॉपवर नकली फोन चालवत बसण्यापेक्षा घरातला जुना फोन केबलने जोडावा, ते हलकंही पडतं आणि खरंही. गुगल प्लेवर ॲप टाकायला एकदाच २५ डॉलर. आणि प्लेचा एक नियम आहे ज्यावर नवीन डेव्हलपर लोक खूप वैतागतात, की नव्या वैयक्तिक खात्यावरून ॲप सगळ्यांसाठी खुलं करायचं असेल तर आधी निदान १२ माणसांनी ते सलग १४ दिवस आपल्या फोनवर ठेवून तपासायला हवं. लोक यासाठी इंटरनेटवर अनोळखी टेस्टर गोळा करतात, पैसेही देतात. मला हा नियम कला विद्यापीठासाठी फार चांगला वाटतो. हीच ज्युरी. मुलाने दांडियाबाजार, नवापुरा, वाडी इथून बारा माणसं धरावीत, एक दुकानदार, एक शाळकरी मुलगी, एक रिटायर्ड काका, एक घरकामाच्या मावशी, ज्यांना गुजराती वाचता येतं पण इंग्रजी नाही अशी दोन-तीन तरी, आणि चौदा दिवस दर संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊन बघावं की कुठे अडलं. मार्क त्या वहीला द्यावेत जिच्यात हे लिहिलंय. ॲप काय आहे याला महत्त्व नाही, गणपती मंडळाच्या वर्गणीचा हिशेब असो की मांडवीच्या मध्यवर्ती ग्रंथालयातली मराठी पुस्तकं शोधायची सोय असो, चालतं हवं आणि मराठी किंवा गुजरातीत हवं.

शिकवायला कोण हा प्रश्न राहतो. टेक्नॉलॉजीवाल्या शिक्षकांनी आठवड्यातून दोन दुपार स्टुडिओत येऊन बसावं, लेक्चर देऊ नये, मुलाच्या शेजारी बसून त्याचं अडलेलं सोडवावं. आमच्यासारखी गावातली काम करणारी माणसं येतील, मी स्वतः यायला तयार आहे, आणि माझ्या ओळखीची अजून काही जण आहेत. नव्या शिक्षण धोरणात, २०२० च्या, दुसऱ्या शाखेचे विषय आणि त्यांचे क्रेडिट घेता यायला हवेत असं स्पष्ट म्हटलंय, म्हणजे कागदावरची अडचण पूर्वीइतकी नाही. ग्वाल्हेरला राजा मानसिंह तोमर संगीत आणि कला विद्यापीठ आहे, इंदूरला शासकीय ललित कला महाविद्यालय आहे, तिथे हाच स्टुडिओ शहरातल्या इंजिनिअरिंग कॉलेजशी हात मिळवून करता येईल. संगीताच्या मुलांनाही यात घ्यावं असं मला फार वाटतं. चांगला तानपुरा, चांगला तबल्याचा लेहरा फोनमधे हवा असतो आणि तो कसा वाजायला हवा हे ज्याच्या कानाला कळतं त्यानेच तो बनवावा.

पालकांना एवढंच सांगेन की नोकरीच्या बाबतीत खोटी आशा कुणी लावू नये. बऱ्याच कंपन्यांच्या पहिल्या चाळणीत अजून बीई-बीटेकच लिहिलेलं असतं आणि बीव्हीएचा, म्हणजे फाईन आर्ट्सच्या पदवीचा, अर्ज तिथेच बाजूला पडतो, हे खरं आहे. छोट्या कंपन्या, स्टुडिओ, स्वतंत्र काम, इथे मात्र फोन काढून चालणारं ॲप समोर ठेवलं की डिग्रीवर बोलणं थांबतं, हे मी टेबलाच्या या बाजूने सांगतोय. आणि पुढे एमसीए, म्हणजे कंप्युटरमधली मास्टर्स, करायचा विचार असेल तर काही ठिकाणी बारावीला नाहीतर ग्रॅज्युएशनला गणित मागतात, ते आधी बघून ठेवा, नंतर पळापळ होते.

ताईला मी सांगितलंय की कुठल्याही कॉलेजात, फाईन आर्ट्स असो नाहीतर लाखांत फी घेणारं असो, ॲडमिशनच्या आधी शेवटच्या वर्षाच्या मुलांना भेट आणि म्हण की तुझं ॲप माझ्या फोनमधे टाकून दे. पोर्टफोलिओचं पुस्तक नको, व्हिडिओ नको, भिंतीवरचे पोस्टर नको. टाकून दिलं तर फोनची भाषा मराठी कर, अक्षर सगळ्यात मोठं कर, नेट बंद कर आणि मग उघडून बघ. आणि शेवटी त्या मुलाला विचार की यातलं तू स्वतः काय लिहिलंस, आणि दुरुस्त करायला सांगितलं तर तुला कुठे हात घालावा लागेल. भाची पुढच्या आठवड्यात दोन ठिकाणी जाऊन येणार आहे, जुना फोन बरोबर घेऊन.